टूसॉनला शिकायला येताय? उन्हाची तयारी झाली असेल, आता बाकीची करा

दर मे-जूनमध्ये नव्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच प्रश्न फिरत असतो. "ताई, तिथे खूप ऊन असतं का हो?" असतं. विचारणारा अकोला, जळगाव, चंद्रपूरकडचा असला तर मी सरळ सांगते, बाबा, तुला त्यात नवीन काही नाही. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या या टूसॉनचा आजवरचा उच्चांक ११७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४७ सेल्सिअस. तो २६ जून १९९० चा. मी अकोल्याची. आमच्याकडे मे महिन्यात असे आकडे पेपरात आले तर लोक राशिभविष्याच्या पानाकडे वळतात. पुण्या-मुंबईची मुलं मात्र हादरतात, आणि टोप्या, गॉगल, सनस्क्रीन, ओआरएस असं बॅगभर सामान आणतात. आणा. पण उन्हाची तयारी सगळेच करून येतात. इथे माणसाची फजिती होते ती पाऊस, थंडी, कोरडेपणा, अंतरं आणि रिकाम्या उन्हाळ्यामुळे, आणि त्यांच्याबद्दल कोणी विचारतच नाही.

आधी एक खुलासा, कारण हा घोळ दरवर्षी होतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठ टूसॉनमध्ये आहे. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ वेगळं, ते फीनिक्सजवळ टेम्पीला. दोन्हींमध्ये साधारण दोन तासांचा हमरस्ता आहे. टूसॉन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० फुटांवर, फीनिक्सपेक्षा उंच, म्हणून इथल्या रात्री तिथल्यापेक्षा बऱ्या. मी लिहितेय ते टूसॉनबद्दल. आणि मी जलविज्ञानाची असल्यामुळे पाण्यावर जरा जास्तच बोलणार आहे, ते चालवून घ्या.

घर बघताना पहिला प्रश्न: गारवा कशाचा?

इथल्या जुन्या घरांच्या छपरावर पत्र्याचा एक चौकोनी डबा दिसतो. त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात. तो आपला कूलरच आहे. तसंच पाणी, तसाच पंप, तसाच पंखा, फक्त ताट्यांमध्ये वाळ्याऐवजी अ‍ॅस्पेनच्या लाकडाच्या बारीक झिलप्या. विदर्भातल्या मुलांना तो बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि तिथेच ती फसतात. मे-जूनमध्ये हवा इतकी कोरडी असते की बाहेर १०५ असताना घर ८० च्या आसपास येतं, वीजही एसीच्या मानानं फारच कमी लागते. पण जुलैत पावसाळी हवा आली की कूलरचं बळ संपतं. घर दमट, गादी ओलसर, मीठ डबीत घट्ट. आणि तुम्ही उतरणार ऑगस्टमध्ये, म्हणजे कूलर सगळ्यात निकामी असतो नेमका तेव्हा. तेव्हा जाहिरातीत नुसतं 'कूलिंग' लिहिलं असेल तर ते एसी आहे का स्वॅम्प कूलर, हे लेखी विचारून घ्या. काही घरांत दोन्ही असतात. तसं मिळालं तर सोडू नका. जूनमध्ये कूलर, जुलै-ऑगस्टमध्ये एसी, वीजबिलात फरक दिसतो.

कूलरच लावायचा असेल तर एक खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, हे तुम्हाला ठाऊकच असेल. हैदराबादच्या आणि चेन्नईच्या रूममेटला ते समजावून सांगायची जबाबदारी तुमची.

एसी बंद पडला तर घरमालकाला फोनवर सांगून थांबू नका, ईमेल करा. अ‍ॅरिझोनाच्या भाडेकरू कायद्यात, घराबरोबर गारव्याची सोय दिलेली असेल तर ती पाणी-विजेच्या बरोबरीची गोष्ट धरली आहे आणि ती चालू ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी कळवल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. आमच्या पहिल्या घराचा मालक जूनमध्ये "बघतो, बघतो" म्हणत राहिला होता. कायद्याचं कलम ईमेलमध्ये लिहिल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस शिडी घेऊन आला.

दुसरं बघायचं ते पश्चिमेची खिडकी. दुपारी तीनपासून सूर्य तिथून आत येतो, आणि जूनमध्ये तो साडेसातपर्यंत मावळत नाही. व्हिडिओवर घर दाखवणाऱ्याला विचारा, हॉलची खिडकी कोणत्या दिशेला? त्याला दिशा कळत नसेल तर खिडकीतून कोणते डोंगर दिसतात ते विचारा. उत्तरेला सांता कातालिना, पूर्वेला रिंकॉन, दक्षिणेला दूरवर सांता रिता, पश्चिमेला बुटके टूसॉन डोंगर. गावात आल्यावरही हे चार डोंगर लक्षात ठेवले की चुकायला होत नाही.

लीज बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांची, ऑगस्ट ते जुलै. जुन्या लीजचा शेवट आणि नव्याची सुरुवात यांत बऱ्याचदा काही दिवसांची खाच राहते, आणि त्या दिवसांत शहरभर विद्यार्थी सोफे वाहून नेत असतात. रस्त्याच्या कडेला टाकलेलं फर्निचर फुकट मिळतं. टेबल, खुर्च्या, पुस्तकांचं कपाट खुशाल घ्या. गादी घेऊ नका, ढेकूण इथेही आहेत.

पाऊस

इथले लोक वर्षाचे पाच ऋतू मोजतात. वसंत, मग मे-जूनचा कोरडा उन्हाळा, मग पावसाळी उन्हाळा, शरद आणि हिवाळा. पावसाळी उन्हाळ्याला इथेही मॉन्सून म्हणतात आणि हवामान खात्यानं त्याच्या तारखा ठरवून टाकल्यात, १५ जून ते ३० सप्टेंबर. २००८ च्या आधी पद्धत वेगळी होती. दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप, सलग तीन दिवस ५४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर राहिला की टूसॉनचा मॉन्सून सुरू झाला असं धरत. जुने लोक अजून त्याच हिशेबानं बोलतात, आणि मलाही तोच जास्त खरा वाटतो. तारीख १५ जून असली तरी आभाळ जुलै उजाडेपर्यंत बहुतेक कोरडंच असतं. इथले मूळ रहिवासी असलेल्या ओओडम लोकांचं पारंपरिक नवं वर्ष याच सुमाराला सुरू होतं. जूनअखेर सग्वारो निवडुंगाची लाल फळं लांब काठीनं पाडायची, त्यांचा पाक करायचा आणि पावसाला बोलवायचं. ती काठीसुद्धा वाळलेल्या सग्वारोच्या बरगड्यांची.

वर्षाचा एकूण पाऊस अकराएक इंच. अकोल्यात याच्या अडीच-तीनपट पडतो. मग नव्या माणसाला वाटतं, एवढ्याशा पावसाला काय घाबरायचं? घाबरायचं, कारण त्यातला निम्मा-अर्धा या पावसाळी महिन्यांत पडतो, तोही दुपारनंतरच्या तासाभराच्या सरींमध्ये. सकाळ निरभ्र, दुपारी कातालिनांवर पांढरे ढग चढत जातात, चारला वारा सुटतो, धूळ उठते, विजा कडाडतात आणि मग आभाळ फाटतं. तुमच्या गल्लीत दोन इंच, मित्राच्या गल्लीत थेंब नाही, असं नेहमी होतं.

पडलेलं पाणी मुरत का नाही, हे समजून घेतलंत तर पुढची भीती आपोआप योग्य जागी बसेल. वाळवंटी जमिनीत वरच्या मातीखाली चुनखडीचा एक कडक थर असतो, त्याला कॅलिची म्हणतात. काही ठिकाणी तो इतका टणक असतो की खड्डा खणायला पहारसुद्धा पुरत नाही. त्यावर उन्हानं भाजून निघालेली माती, झाडं विरळ, आणि शहरात डांबर. पाणी थेट ओढ्याकडे धावतं. या कोरड्या ओढ्यांना इथे वॉश म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यांत नुसती वाळू असते, माणसं कुत्री फिरवतात, मुलं खेळतात. आणि शहराच्या कितीतरी रस्त्यांना भूमिगत गटारं नाहीत. पाऊस वाहून न्यायचं काम रस्त्यांवरच सोपवलंय. म्हणजे अर्ध्या तासात तुमचा रस्ता नाला होतो, आणि ही रचनेतली चूक नसून रचनाच तशी आहे.

वॉशमधलं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातलं असायलाच हवं असं नाही. डोंगरात वीस मैलांवर पाऊस झाला आणि इथे लख्ख ऊन असलं तरी पूर येतो. आधी काटक्या, फेस आणि चिखलाची एक जीभ वाळूवरून पुढे सरकताना दिसते, तिच्या मागोमाग पाणी. पावसाळ्यात वॉशमध्ये बसून डबा खायचा नाही, तंबू ठोकायचा नाही, शॉर्टकट म्हणून चालायचं नाही.

गाडीचा नियम तर पाठच करा. वेगानं वाहणारं सहा इंच पाणी उभ्या माणसाला पाडतं, एक फूट पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं. रस्त्यावर अडथळा लावलेला असताना तो चुकवून पाण्यात गाडी घातलीत आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो, २,००० डॉलरपर्यंत. हा कायदा १९९५ चा. लोक त्याला 'स्टुपिड मोटरिस्ट लॉ' म्हणतात आणि हे नाव बातम्यांमध्येही सर्रास येतं. डाउनटाउनमधल्या रेल्वेखालच्या बोगद्यांत, विशेषतः स्टोन अ‍ॅव्हेन्यूच्या, पाणी हटकून साचतं. पाऊस जोरात असेल तर अर्धा तास कॉफी पीत बसा. पाणी येतं तसंच ओसरतं. प्राध्यापकही उशिरा येतात, त्यांनाही तोच रस्ता असतो.

फीनिक्सला जाताना हमरस्त्यावर धुळीची भिंत समोर आली तर रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला उतरायचं, सगळे दिवे बंद करायचे, हँडब्रेक लावायचा आणि पाय ब्रेकवरून काढायचा. दिवे चालू ठेवावेसे वाटतात, पण मागून येणारा तुमच्या लाल दिव्याला रस्ता समजून येऊन आदळतो.

नद्यांची गोष्टही पाहून घ्या. नकाशावर सांता क्रूझ आणि रियीतो अशा दोन ठळक निळ्या रेषा दिसतील. येऊन बघाल तर वाळू. सांता क्रूझ पूर्वी गावाजवळ बारमाही वाहायची. विहिरींनी भूजल उपसत गेलं तशी ती आटली. तरीही ऑक्टोबर १९८३ मध्ये तिला असा पूर आला की काठ कोसळले, घरं गेली, पूल गेले. त्यानंतर माती आणि सिमेंट मिसळून काठ बांधून काढले, आणि त्याच काठांवरून आज 'द लूप' नावाचा १३० मैलांहून लांब सायकलमार्ग जातो. २०१९ पासून डाउनटाउनजवळ शुद्ध केलेलं सांडपाणी नदीत सोडतात, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात तरी पाणी दिसतं, चतुर उडतात. नळाला येणारं पाणी मुख्यतः कोलोरॅडो नदीचं. ३३६ मैलांच्या कालव्यानं, वाटेत चढावर उपसत उपसत आणलेलं. ते शहराच्या पश्चिमेला जमिनीत मुरवतात आणि विहिरींतून परत काढतात. पिण्याला चांगलं, पण जड. किटलीत पांढरा थर बसतो, केस राठ होतात. जूनमध्ये गार पाण्याचा नळ सोडला तरी ऊन पाणी येतं. गीझर लावायची गरज नाही, असं आमच्यात गमतीनं म्हणतात.

कोरडेपणा, आणि एक ताप

घाम येतो पण दिसत नाही, कारण दिसायच्या आत उडून जातो. म्हणून तहान लागायची वाट बघायची नाही. ओठ, टाचा, नाकाची आतली कड फुटते. झोपताना नाकात बोटभर खोबरेल लावा, बाकी क्रीम दुय्यम. कणीक झाकून ठेवा. तंबोरा किंवा हार्मोनियम आणणार असाल तर खोलीत ओलावा राहील असं बघा, लाकडाला चिरा जातात. कपडे बाल्कनीत तासाभरात वाळतात, आणि पापड-कुरडया डिसेंबरातही घालता येतात.

आता महत्त्वाचं. इथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर तिचे बीजाणू श्वासातून आत जातात आणि 'व्हॅली फीव्हर' होतो. अमेरिकेतले याचे बहुसंख्य रुग्ण अ‍ॅरिझोनातले. बऱ्याच जणांना काहीच होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पुरळ, सांधेदुखी आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रक्त तपासून कळतो. साध्या न्यूमोनियाची औषधं घेऊनही खोकला हटत नसेल तर कॅम्पस हेल्थमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या दवाखान्यात, आपणहून म्हणा, व्हॅली फीव्हर तपासा. आणि डिसेंबरात घरी गेल्यावर खोकला सुरू झाला तर आपल्या डॉक्टरांना 'मी अ‍ॅरिझोनात राहते' हे पहिल्या वाक्यात सांगा. एक्स-रेवर हे दुखणं टीबीसारखं दिसू शकतं, आणि आपल्याकडे कोणाच्याही मनात पहिला टीबीच येणार. त्यांना या बुरशीचं नाव आठवण्याचं काही कारणच नाही.

काटे, विंचू वगैरे

विंचवांबद्दल आईला फोनवर सांगू नका. इथे विंचू बऱ्याच जातींचे, त्यांतला बार्क स्कॉर्पियन तेवढा खरा त्रासदायक, पिवळट आणि बारीक. जांभळ्या अतिनील टॉर्चमध्ये विंचू हिरवे चमकतात. टॉर्च स्वस्त मिळतो, रात्री एकदा घराच्या भिंतींवर फिरवून घ्या. बूट झाडून घालायचे, टॉवेल जमिनीवर टाकायचा नाही. चावलाच तर विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२, इथल्या केंद्राचं काम विद्यापीठाच्या फार्मसी कॉलेजातून चालतं, दिवसरात्र. धडधाकट मोठ्या माणसाला बहुतेक वेळा घरीच बरं वाटतं. लहान मुलाला चावला तर मात्र वाट बघायची नाही.

साप वाटेवर दिसला तर थांबून त्याला जाऊ द्यायचं. हावेलीना नावाची डुकरासारखी जनावरं तिन्हीसांजेला कचऱ्याचे डबे उलथवतात, कुत्रं बरोबर असेल तर लांबून जा.

चोया निवडुंगाचं वेगळं सांगायला हवं. मऊ, लोकरीचा वाटतो, फोटोसाठी हात लावावासा वाटतो. नुसता स्पर्श झाला तरी त्याचं आख्खं पेर तुटून अंगाला चिकटतं. हातानं ओढलंत तर हातालाही चिकटेल. डोंगरात जाताना खिशात कंगवा ठेवा, कंगव्यानं उचकटून झटकून टाकायचं. सग्वारोला मात्र नुसतं बघा. तो सोनोरन वाळवंटाबाहेर रानात उगवत नाही, पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो आणि फांद्या फुटायला बऱ्याचदा पन्नास-साठ वर्षं लागतात. त्याला इजा करणं किंवा परवानगीशिवाय हलवणं गुन्हा आहे.

चाकं

कॅम्पसच्या दोन मैलांत राहणार असाल तर सायकल पुरते. मोठे रस्ते मैल-मैल अंतरावर सरळ आखलेले आहेत, ग्रँट, स्पीडवे, ब्रॉडवे. त्यांवरून सायकल चालवू नका, मधल्या गल्ल्यांतून जा. कॅम्पसच्या पूर्वेला थर्ड स्ट्रीटवर सायकलींना प्राधान्य आहे. पंक्चर मात्र होणारच. इथल्या कडेकडेच्या जमिनीत सराटे आहेत. हो, तेच, आपल्या शेतातले सराटे, वनस्पतीशास्त्रातही तीच जात. जाड ट्यूब घ्या, आत चिकट द्रव भरलेली मिळते तीच. कुलूप पोलादी, यू आकाराचं. साखळी कापायला चोराला मिनिट लागत नाही. रात्री पुढे पांढरा दिवा हवाच, कायद्यानंही आणि जिवासाठीही, कारण टूसॉनचे रस्ते अंधारे असतात. ते मुद्दाम तसे ठेवलेत. किट पीकसारख्या वेधशाळांचं आकाश वाचवायला इथे १९७२ पासून बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली दुर्बिणींचे ८.४ मीटर व्यासाचे आरसे ओततात, यावरून गावाचा ओढा कुठे आहे ते कळेल.

ट्राम २०१४ पासून आहे, हॉस्पिटलपासून कॅम्पस, फोर्थ अ‍ॅव्हेन्यू, डाउनटाउन असं चार मैल जाते. २०२० मध्ये ट्राम आणि बसचं भाडं बंद केलं. ते परत सुरू करावं का यावर चर्चा अधूनमधून निघते, तेव्हा यायच्या आधी एकदा बघून घ्या. थांब्यावर सावली आहे का, हेही बघा. जूनमध्ये दुपारी सावलीविना वीस मिनिटं बसची वाट बघणं हीच या शहरातली सगळ्यात लांब यात्रा.

गाडी घेतलीत तर बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, हे खर्चात धरा. तिला मारते ती उष्णता, आणि ती बंद पडते बहुधा पहिल्या थंडीच्या सकाळी. जुनी गाडी घेताना धुराची तपासणी झाली आहे का विचारा, पिमा काउंटीत ती लागते. उन्हात उभ्या गाडीत औषधं, इनहेलर, डिओचे कॅन, चॉकलेट ठेवू नका. पट्ट्याचं धातूचं बक्कल हात भाजतं.

दिवसाची मांडणी

अ‍ॅरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. म्हणजे भारताशी फरक बारा महिने साडेबारा तासांचा. इथे सकाळी आठ, तर घरी रात्रीचे साडेआठ. आईला हे एकदा समजलं की सुटलं. बाकी राज्यांतल्या मित्रांशी मीटिंग मात्र मार्च आणि नोव्हेंबरमध्ये चुकते.

घड्याळ न हलवल्यामुळे जूनमध्ये सव्वापाचला उजाडतं, आणि तेव्हाच गाव बाहेर पडतं. तुमामॉक टेकडी विद्यापीठाची आहे, १९०३ मध्ये तिथे वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू झाली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दीड मैलांचा पक्का रस्ता, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत उघडा. पाचला गेलात तर आजी-आजोबा, बाळं, नर्सेस, निम्मा विभाग भेटतो. दुपारी बारा ते पाच बाहेरचं काम ठेवू नका. लायब्ररीत बसा, आणि शाल न्या. ऑगस्टमध्ये वर्गात थंडीनं कुडकुडायला होतं, एसी तसाच लावतात.

खरी थंडीही येते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी हाफ स्वेटर पुरतो आणि पहाटे काही दिवस पारा गोठणबिंदूखाली जातो. उन्हाळ्यासाठी बांधलेली जुनी घरं उष्णता धरत नाहीत. घर बघताना हीटर चालू करून दाखवायला सांगा, भलेही ऑगस्ट असो. कातालिनांच्या माथ्यावर, माउंट लेमनला, ९,००० फुटांवर बर्फ पडतं. सग्वारोंमधून गाडी निघते आणि तासाभरात पाइन वृक्षांत पोचते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी रत्न-खडकांची जत्रा असते, तेव्हा आई-बाबांना बोलवू नका, हॉटेलं परवडत नाहीत.

खाणं

भारतीय दुकानं आहेत, थोडी. मोठी खरेदी लोक फीनिक्सकडे करतात. पण आधी मेक्सिकन किराणा दुकानात जा. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं, चिंच, गूळ सगळं मिळतं. गूळ तिथे पिलोन्सियो नावानं शंकूसारखा येतो. सोनोराकडच्या गव्हाच्या टॉर्टिया इतक्या मोठ्या आणि पातळ असतात की खानदेशातली मुलं त्यांना मांडेच म्हणतात. सोनोरा जातीचा पांढरा गहू इथे अजून पिकतो, त्याचं पीठ मिळालं तर पोळ्या मऊ होतात. फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, काटे काढून विकत मिळतात, बेसन लावून परता.

कागद

आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), बँक, याबद्दल विद्यापीठ भरपूर सांगतं, मी परत सांगत नाही. एक मात्र तिथे हळू आवाजात सांगतात. मेक्सिकोची सीमा इथून साठ-पासष्ट मैलांवर आहे आणि सीमा न ओलांडताही आतल्या रस्त्यांवर सीमा दलाच्या चौक्या लागतात. सीमेवरच्या नोगालेसहून परतताना आय-१९ हमरस्त्यावर एक लागतेच. दक्षिणेकडे किंवा किट पीककडे कुठेही निघालात, अगदी तारे बघायला, तरी मूळ पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत बरोबर ठेवा. फोनमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका.

मे महिना

मेच्या मध्यावर पदवीदान झालं की गाव रिकामं होतं. फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर पार्किंग मिळतं, ट्राममध्ये जागा मिळते, काही दुकानं वेळा कमी करतात. असिस्टंटशिप नऊ महिन्यांची असेल तर उन्हाळ्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा आणि कॅम्पसवरचं उन्हाळी काम फेब्रुवारीतच शोधायला लागा, एप्रिलपर्यंत जागा संपतात. सबलीजचं, म्हणजे आपलं भाड्याचं घर मधल्या काळात दुसऱ्याला देण्याचंही, तसंच. सगळे एकदम जातात, म्हणून घेणारा राजा असतो. लीजमध्ये परवानगी आहे का ते वाचून मगच जाहिरात द्या.

दोन महिन्यांसाठी घर बंद करून भारतात जाणार असाल तर एसी पूर्ण बंद करू नका, ८५ वर ठेवा, नाहीतर लॅपटॉप, मेणबत्त्या, बाटल्यांमधलं तेल, सगळ्यांचं वाटोळं होतं. गाडी सावलीत लावा, बॅटरीची तार काढा. आणि मोरीची, बेसिनची, टबची भोकं बुचांनी बंद करा. पाइपाच्या वाकणात जे पाणी अडून असतं ते इथल्या कोरड्या हवेत आटून जातं, आणि मग गटारातली मोठाली झुरळं त्या वाटेनं वर येतात. बूच नसेल तर प्रत्येक भोकात चमचाभर गोडेतेल ओता, ते पाण्यावर तरंगतं आणि खालचं पाणी उडू देत नाही.